घरातील वीज आणि तिचे पहारेकरी

मे महिन्याचा अखेरचा आठवडा आणि मृगाची पहिली सर यांमधील काळ नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास फार धावपळीचा असतो. द्राक्षबागेची खरड छाटणी होऊन नव्या काड्यांची निगा चालू असते, उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असतो आणि खरिपाकरिता जमीन, बी-बियाणे व खते यांची जुळवाजुळव करावयाची असते. अशा वेळी घराच्या भिंतीवरील विजेच्या बोर्डाकडे लक्ष देण्यास कोणास फुरसत मिळत नाही. तथापि, घरातील विजेच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत धोक्याचा काळ हाच होय. उन्हाळाभर तापून तडकलेले तारांचे आवरण, भिंतीतून निसटलेल्या नळ्या, पत्र्याला घासणारी सर्व्हिस वायर या सर्वांत पहिल्या पावसाचे पाणी शिरते. आणि आजवर तांब्याच्या तारेतून निमूटपणे जाणारी वीज ओल्या भिंतीतून, नळातून व पत्र्यातून बाहेर पडण्याची वाट शोधू लागते.

पिकांवर लिहिणाऱ्या मनुष्याने विजेवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कृषी कार्यालयातील टपालात आहे. शेतकरी कुटुंबातील अपघातग्रस्तांना साहाय्य देणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून तालुका कृषी अधिकारी कार्यालयामार्फत राबविली जाते. त्यामुळे सर्पदंश, रस्ता अपघात, विहिरीत पडणे यांबरोबरच 'विजेचा धक्का' असे कारण लिहिलेले अर्जही आमच्या टेबलावर येतात. मृत्यूच्या प्रसंगी दोन लक्ष रुपये मिळतात. त्या अर्जासोबतचा पंचनामा वाचताना पुष्कळदा असे दिसते की, ज्या घरातील मनुष्य गेला त्या घरात दोन-अडीच हजार रुपयांचे एक उपकरण असते, तर तो अर्ज लिहिण्याची वेळच आली नसती.

चावणारा नळ

गेल्या वर्षी मे अखेरीस निफाड तालुक्यातील एका वस्तीवर द्राक्षबाग पाहण्याकरिता गेलो होतो. बाग पाहून झाल्यावर हात धुण्यासाठी अंगणातील नळाकडे वळलो, तोच ओसरीवर बसलेल्या आजीबाईंनी हाक मारली, "साहेब, त्या नळाला ओल्या हातानं धरू नका. चावतो तो."

"केव्हापासून चावतो, आजी?"

"पाडव्यानंतर कूलर आणला ना पोरानं, तवापासून. आम्ही चपला घालून पाणी भरतो. सवय झाली आता."

घरातील सूनबाई कपडे धुण्याच्या यंत्राचे बटण लाकडी काठीच्या टोकाने दाबीत होत्या. त्यांनाही त्यात विशेष काही वाटत नव्हते. घरात दोन लहान मुले होती. नळाला हात लावायचा नाही, एवढे त्यांना बजावून ठेवले होते. एखाद्या घरात पाळलेला कुत्रा परक्यावर धावून जातो, तसा या घरातील नळ चावतो, इतक्या सहजतेने ती मंडळी त्या गोष्टीसह नांदत होती.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वीजतंत्र्यास सोबत घेऊन पुन्हा गेलो. त्याने अर्ध्या तासात कारण शोधून काढले, आणि ते प्रत्येक ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने ध्यानात घेण्याजोगे आहे. घराची वायरिंग करताना कोणी तरी भूसंपर्काची, म्हणजे ज्याला आपण 'अर्थिंग' म्हणतो त्याची, तार खड्डा न खोदता पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली होती. तो पाइप पूर्वी जमिनीतून कूपनलिकेपर्यंत लोखंडीच होता. त्यामुळे वर्षानुवर्षे काम निभावले. पुढे पाइप गंजला म्हणून जमिनीतील भाग काढून तेथे प्लॅस्टिकचा पाइप टाकण्यात आला. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. अशा रीतीने घराचा जमिनीशी असलेला संबंध कोणाच्या नकळत तुटला. नंतर कूलर आला. त्याच्या मोटारीचे वेटोळे ओलाव्याने कमजोर झाले होते. त्यातून पाझरणारी वीज कूलरच्या पत्र्यावर, तेथून तीन पिनांच्या प्लगाच्या मोठ्या पिनेतून अर्थिंगच्या तारेत, तेथून पाइपात आणि पाइपातून नळाच्या तोटीत येऊन थांबत असे. तेथून जमिनीत जाण्यास तिला फक्त एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे नळाला हात लावणारा मनुष्य. कपड्यांच्या यंत्राचा पत्राही त्याच तारेला जोडलेला असल्यामुळे तोही चावू लागला.

वेटोळ्याचा पाझर अजून अल्प होता आणि फरशी कोरडी होती, म्हणून केवळ मुंग्या येत होत्या. मोटारीचे आवरण पूर्णपणे जळाले असते, तर त्याच नळावर २३० व्होल्टचा दाब आला असता; आणि पावसाळ्यात, ओल्या अंगणात, अनवाणी पायाने पाणी भरणाऱ्या मनुष्याचे काय झाले असते हे सांगावयास नको.

किती वीज माणसास मारते

विजेचा प्रवाह अँपिअर या मापाने मोजतात. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलीअँपिअर. सध्या घरोघरी असलेल्या नऊ वॅटच्या एलईडी दिव्यातून सुमारे चाळीस मिलीअँपिअर प्रवाह जातो. हा आकडा मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, एवढा प्रवाह मनुष्याच्या छातीतून गेला, तर त्याचा जीव धोक्यात येतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर प्रयोग करून, हातात धरलेली जिवंत तार मनुष्य किती प्रवाहापर्यंत स्वतः सोडू शकतो, हे मोजले. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण सरासरी सोळा मिलीअँपिअर आणि स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा मिलीअँपिअर आले. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात आणि तार सोडण्याची इच्छा असूनही मूठ उघडत नाही. आपल्याकडे 'विजेने ओढून धरले' असे जे म्हणतात ते वास्तविक हेच होय. वीज ओढत नाही, आपली मूठच आवळली जाते.

मनुष्याचे अंग कोरडे असता विजेस बराच अडथळा करते. परंतु घामाने किंवा पाण्याने भिजल्यावर हा अडथळा एक हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टच्या दाबाखाली अशा अंगातून सुमारे २३० मिलीअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरेसा असतो.

आता आपल्या घरातील फ्यूजकडे पाहू. तो पाच किंवा पंधरा अँपिअरचा, म्हणजे पाच हजार किंवा पंधरा हजार मिलीअँपिअरचा असतो. माणसाच्या अंगातून जाणारे दोन-अडीचशे मिलीअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. मनुष्य चिकटून राहतो आणि फ्यूज शाबूत राहतो. फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा समज गावोगाव इतका दृढ आहे की, तो दूर करण्यापासूनच आपल्या कामास प्रारंभ केला पाहिजे.

फ्यूज आणि एमसीबी

तर मग फ्यूज कशाकरिता? तो तारेच्या व घराच्या रक्षणाकरिता. तारेतून तिच्या शक्तीबाहेर प्रवाह गेला की ती तापते, तिचे आवरण वितळते आणि आग लागते. फ्यूजमधील बारीक वितळतार त्यापूर्वी स्वतः वितळून प्रवाह तोडते. तिचे सारे मोल तिच्या बारीकपणात आहे. परंतु फ्यूज एकदा-दोनदा गेला की, आपल्याकडे 'पक्के काम' करण्याची रीत आहे: जुन्या केबलमधील तांब्याचे दोन-तीन पदर पिळून किटकॅटमध्ये बसवावयाचे. वर सांगितलेल्या वस्तीवरही तेच आढळले. अशा फ्यूजात आणि बोर्डात खिळा ठोकण्यात काही अंतर नाही.

यावरील सोय म्हणजे एमसीबी. जर्मनीतील मानहाइम येथील ह्युगो स्टोट्स यांच्या कारखान्याने १९२४ मध्ये याचे एकस्व घेतले आणि आता तो सर्वत्र रूढ झाला आहे. याच्या पोटात दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी असते. भार वाढला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट सर्किटसारख्या आकस्मिक प्रसंगी एक विद्युत् चुंबक तोच खटका क्षणार्धात ओढतो. वितळतार बदलण्याची गरज नाही, म्हणून जाड तार घालण्याचा मोहही नाही. मात्र येथेही एक 'पक्के काम' होते. दहा अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी बत्तीसचा बसवितात. भिंतीतील तार तीच राहते. फक्त तिचा पहारेकरी झोपाळू नेमला जातो. दिव्या-पंख्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेस सहा ते दहा अँपिअरचा आणि गिझर-हीटरच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेस सोळा अँपिअरचा एमसीबी असावा, त्याहून मोठा नको. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणजे सोळाचा त्यास भरपूर होतो.

भूसंपर्क व त्याची मर्यादा

अर्थिंगचे काम असे की, यंत्राच्या पत्र्यावर चुकून आलेल्या विजेस माणसापेक्षा सोपी वाट जमिनीत करून द्यावयाची. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये त्याची पद्धत दिलेली आहे. सामान्यतः अडीच मीटर लांबीचा जस्ती लोखंडी पाइप जमिनीत उभा पुरतात, भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात आणि पाणी ओतण्यास वर नरसाळे ठेवतात. आपल्या जिल्ह्यात याविषयी थोडा विचार करून जागा निवडली पाहिजे. गोदाकाठची काळी जमीन ओली असता विजेस उत्तम वाट देते. पण तीच उन्हाळ्यात भेगाळते व पाइपापासून अंग काढून घेते. सिन्नर, येवला, चांदवड भागांतील मुरमाड व खडकाळ जमिनीत तर ओल टिकतच नाही. म्हणून खड्डा शक्यतो मोरीचे सांडपाणी मुरते अशा ठिकाणाजवळ घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे. मिठाने पाइप गंजतो, हेही विसरू नये. काही वर्षांनी तो तपासून बदलावा लागतो. जमिनीवर तार व्यवस्थित दिसते आणि खाली पाइपाचा नुसता गंज उरलेला असतो, असे पुष्कळदा होते.

तथापि, अर्थिंग उत्तम आहे म्हणजे काम झाले, असेही नाही. थोडा हिशेब करून पाहू. समजा, घरच्या खड्ड्याचा विद्युत्‌रोध वीस ओहम आहे आणि डीपीवरील खड्ड्याचा दोन ओहम. घरातील मोटारीच्या पत्र्यावर फेज पूर्णपणे लागली, तर जमिनीतून जाणारा प्रवाह २३० भागिले २२, म्हणजे सुमारे साडेदहा अँपिअर होईल. सोळा अँपिअरचा एमसीबी त्याला पडणार नाही. वीज जमिनीत वाहत राहील, मीटर फिरत राहील आणि मोटारीच्या पत्र्यावर २०९ व्होल्टचा दाब तसाच राहील. खड्डा चांगला असूनही मोटारीला हात लावणारा मनुष्य संकटात सापडेल. खेड्यातील घरांत वीस ओहमचा खड्डा हा वाईट नव्हे, बरा म्हणावा लागेल. म्हणून केवळ फ्यूज, केवळ एमसीबी किंवा केवळ अर्थिंग यांपैकी एकावर भिस्त ठेवता येत नाही.

जमाखर्च पाहणारा खटका

ज्या उपकरणाविषयी हा लेख मुख्यत्वे लिहिला आहे, ते म्हणजे आरसीसीबी. बाजारात पुष्कळ दुकानदार त्यास जुन्या नावाने 'ईएलसीबी' म्हणतात. त्याचे काम पाटकऱ्याच्या कामासारखे आहे. पाटाच्या मुखाशी जितके पाणी सोडले तितके शेवटी पोचले नाही, तर मध्ये कोठे तरी फूट आहे हे पाटकरी पाट न चालताच ओळखतो. घरात फेजच्या तारेने जितका प्रवाह येतो, तितकाच न्यूट्रलच्या तारेने परत गेला पाहिजे. आरसीसीबीमध्ये या दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. येणारे व जाणारे प्रवाह समान असता त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांस छेदतात आणि कडे स्वस्थ राहते. काही प्रवाह माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला की, जमाखर्चात तूट येते. कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि खटका पडतो.

घराकरिता तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी घ्यावयाचा असतो. एवढी तूट येताच त्याने ०.३ सेकंदाच्या आत, आणि पाचपट तूट आल्यास ०.०४ सेकंदाच्या आत वीज तोडावी, असे त्याचे प्रमाण आहे. मनुष्याला झटका बसतोच, तो अजिबात बसत नाही असे कोणी सांगू नये; परंतु हृदय बिघडण्याइतका वेळ विजेस मिळत नाही. वर ज्यांचा उल्लेख केला त्या डॅल्झिएल यांनीच १९६१ मध्ये अमेरिकेत या तत्त्वावरील घरगुती उपकरण तयार केले. मनुष्य किती वीज सहन करतो हे मोजणाऱ्यानेच ती वेळेवर तोडण्याचा उपाय काढला.

याचा आणखी एक गुण खेड्याच्या दृष्टीने मोठा आहे. तीस मिलीअँपिअरवर खटका पडत असल्यामुळे अर्थिंगचा खड्डा वीसच नव्हे, दोनशे ओहमचा असला तरी पत्र्यावरील दाब सहा व्होल्टच्या वर टिकू शकत नाही. त्याआधीच वीज बंद होते. अर्थात याचा अर्थ खड्डा खोदू नये असा नव्हे. खड्डा असेल तर यंत्रात दोष उत्पन्न होताच खटका पडतो. खड्डा नसेल तर कोणी तरी हात लावीपर्यंत तो वाट पाहतो, आणि तो हात कोणाचा असेल हे आपल्या हाती नसते.

आरसीसीबी भार वाढल्याने पडत नाही. म्हणून एमसीबी वेगळा लागतोच. दोहोंचे काम एकत्र करणारी आरसीबीओ नावाची उपकरणेही मिळतात. खरेदी करताना आयएसआय चिन्ह व 'तीस मिलीअँपिअर' हा आकडा पाहावा. शंभर किंवा तीनशेचा आकडा असेल, तर ते उपकरण आगीपासून संरक्षणाकरिता आहे, माणसाकरिता नव्हे. घरगुती जोडणीस लागणारा दोन ध्रुवी आरसीसीबी साधारणतः दीड ते अडीच हजार रुपयांस येतो. एकरभर द्राक्षबागेच्या एक-दोन फवारण्यांचा खर्च यापेक्षा कमी नसतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत व त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांत ठरावीक भारापुढील जोडण्यांना असे संरक्षण सक्तीचे केले आहे. लहान घरास सक्ती असो वा नसो, माणसाचे अंग सर्वत्र सारखेच आहे.

प्रत्येक आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला पाहिजे. न पडल्यास उपकरण बदलावे. वर्षानुवर्षे न हललेला खटका अडकून बसतो, जसे न वापरलेल्या फवारणी पंपाचे होते.

"तो सारखा पडतो, साहेब"

ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि बहुसंख्य आरसीसीबी याच कारणाने काढून टाकले जातात. स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या गावाकडील घरात मी हौसेने आरसीसीबी बसविला. पावसाळा सुरू झाला आणि तो रोज पहाटे पडू लागला. वडिलांनी आठ दिवस सोसले. नवव्या दिवशी धाकट्या भावाने तारा थेट जोडून टाकल्या व मला दूरध्वनीवर कळविले की, तुझा खटका बिघडलेला आहे. सुटीत जाऊन एकेक एमसीबी बंद करून पाहिले, तेव्हा दोष न्हाणीघरातील पाणी तापविण्याच्या रॉडमध्ये सापडला. त्याच्या नळीला केसाएवढी चीर पडली होती. पहाटे पाणी तापवण्याची पाळी आईची असे. खटका बिघडलेला नव्हता. तो आठ दिवस तेच सांगत होता आणि आम्ही त्याचे तोंड बंद केले होते.

दोष शोधण्याची रीत अवघड नाही. सर्व एमसीबी व प्लग काढून आरसीसीबी चढवावा, नंतर एकेक उपकरण जोडीत जावे. ज्याच्यापाशी खटका पडेल त्यात दोष. सर्व प्लग काढूनही तो टिकत नसेल, तर भिंतीतील वायरिंग ओली आहे किंवा दोन विभागांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत, असे समजून वीजतंत्र्यास बोलवावे.

जेथे हा पहारेकरी पोचत नाही

आरसीसीबी आपल्या पुढील तारांवर लक्ष ठेवतो. मागील तारांवर त्याचा अधिकार चालत नाही. खांबापासून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर त्याच्या मागे असते. ही वायर ज्या लोखंडी तारेच्या आधाराने ओढलेली असते, तिच्यावर घासून आवरण फाटले की, ती आधारतार जिवंत होते आणि घराच्या पत्र्याला वीज येते. अशाच आधारतारेला कपडे वाळविण्याची तार बांधण्याची चाल वस्त्या-वस्त्यांवर आहे. ओला कपडा टाकावयास गेलेल्या बाईचा अपघात हा यातूनच होतो. कपड्यांची दोरी नायलॉनची वा काथ्याची असावी आणि तिचा विजेच्या खांबाशी किंवा आधारतारेशी काहीही संबंध नसावा.

आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागांमुळे यात एक विशेष भर पडते. बागेचा मांडव म्हणजे एकरभर पसरलेले लोखंडी अँगल व तारांचे जाळेच असते. मोटारीची केबल सोयीसाठी मांडवाच्या तारेवर टाकून नेली आणि ती एके ठिकाणी सोलवटली, तर साऱ्या मांडवात वीज खेळू शकते. सकाळी दवाने भिजलेल्या बागेत विरळणीस आलेल्या मजुरांना दोष कोठे आहे हे कळणारही नाही. केबल मांडवावर कदापि टाकू नये. ती जमिनीतून पाइपात न्यावी. बिबट्याच्या किंवा रानडुकरांच्या भीतीने कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडणे, हा तर सरळ गुन्हा आहे आणि त्यात रात्री पाणी धरण्यास निघालेले शेजारीच बळी पडतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरील दिवे व पंखे जिवंतच राहतात; दुरुस्तीपूर्वी दोन्ही बंद करावेत आणि इन्व्हर्टरनंतरच्या तारांना वेगळा आरसीसीबी असावा. सौर पंपाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पटलांतून एकदिश प्रवाह येतो, दाब पुष्कळ असतो आणि ऊन आहे तोवर तो कोणत्याही खटक्याने पटलापाशी थांबत नाही. त्याची जोडपेटी शेतकऱ्याने उघडू नये.

उपकरणांचे रक्षण

एखाद्या रात्री वस्तीतील निम्म्या घरांतील दिवे प्रखर होऊन फुटतात, दूरदर्शन संच व शीतकपाटे जळतात आणि उरलेल्या घरांतील दिवे मंद होतात. लोक म्हणतात, 'दाब वाढला'. वास्तविक बहुधा डीपीवरील न्यूट्रलची तार तुटलेली असते. न्यूट्रल गेला की, निरनिराळ्या फेजवरील घरे एकमेकांशी मालिकेत जोडली जातात व त्यांच्यावर मिळून चारशे व्होल्टहून अधिक दाब येतो. ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला दाब अधिक. एमसीबी व आरसीसीबी हे प्रवाह पाहतात, दाब पाहत नाहीत. म्हणून ते येथे उपयोगी पडत नाहीत. याकरिता अतिदाब व न्यूनदाब पाहून वीज तोडणारे वेगळे उपकरण मिळते. दिवे एकाएकी प्रखर झाल्यास प्रथम मेन स्विच पाडावा आणि मग १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावे.

शेतपंपाच्या ऑटो स्विचविषयी एकच सांगतो. वीज येताच मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून तो बसवितात. त्यामुळे सर्व पंप एकदम सुरू होऊन डीपी जळतो, ही हानी सर्वांना ठाऊक आहे. परंतु वीज गेलेली पाहून विहिरीत उतरलेल्या मनुष्याच्या हाती मोटर असताना ती आपोआप सुरू होते, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

अपघात झालाच तर

विजेला चिकटलेल्या माणसास उघड्या हाताने ओढू नये. आधी मेन स्विच किंवा स्टार्टर पाडावा. ते शक्य नसल्यास कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या बांबूने तार बाजूस सारावी. उच्च दाबाची तार पडली असेल, तर जवळही जाऊ नये. मनुष्य सुटल्यावर श्वास पाहावा. श्वास नसल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटास शंभर ते एकशेवीस या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा माणसास मातीत पुरून ठेवण्याची चाल काही ठिकाणी अद्याप आहे. माती वीज शोषून घेत नाही. अंगात वीज साठलेलीच नसते. त्यात जी पाच-दहा मिनिटे जातात, त्यांतच तो वाचू शकला असता.

अपघाताचा पंचनामा, वैद्यकीय कागद व विद्युत निरीक्षकाचा अहवाल यांकडे कुटुंबाचे दुःखात लक्ष राहत नाही. ते काम गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपले समजावे. वर उल्लेखिलेल्या योजनेचा अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पोचावा लागतो.

निफाडच्या त्या वस्तीवर त्याच आठवड्यात नवा खड्डा घेतला, किटकॅट काढून एमसीबी बसविले आणि पुढे आरसीसीबी लावला. कूलरचा प्लग घालताच खटका पडला. तीन वेळा चढविला, तीनही वेळा पडला. घरधन्यास प्रथम आरसीसीबीचाच संशय आला. कूलर बाजूला करताच खटका टिकला, तेव्हा त्याने कूलरची मोटर सोडून दुरुस्तीस नेली. नळ आता चावत नाही. तरी आजीबाई अजून चपला घालूनच पाणी भरतात, आणि त्यांना कोणी तसे करू नका म्हणून सांगत नाही. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बदलण्याचा अर्ज दिलेला आहे. ते काम मात्र हा लेख लिहीपर्यंत झालेले नव्हते, म्हणून कपड्यांची तार तेवढी खांबापासून सोडवून आंब्याच्या झाडाला नायलॉनच्या दोरीने बांधली आहे.